गेट वाजत न्हाय

५ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिली होती. नऊ महिने तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. आज पहिल्यांदा उघडली.

गिरणी गेणबाला चालवायला दिल्यापासून मी घरी आहे. चौतीस वर्षं लासुर्ण्यात पिठाची गिरणी चालवलेला माणूस घरी बसला की काय होतं ते त्याच्या बायकोला विचारावं. कुशा म्हणते, मी दिवसातून चाळीस वेळा स्वयंपाकघरात डोकावतो. हे साफ खोटं आहे. पंधरा-वीस वेळा असेल.

धाकटा दीपक बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं काल मोटारसायकलच्या साखळीसाठी फवाऱ्याचा डबा आणला. वीतभर डबा, वर लाल नळी. बटण दाबलं की फुस्स करून पातळ तेल उडतं आणि गंजलेलं, अडकलेलं सुटतं. मी म्हटलं, दे इकडं. परसातला नळ दोन वर्षं फिरत नव्हता. त्याला फवारा मारला, चहा पिऊन आलो, फिरवला तर फिरला की! पाणी धो धो आलं. कुशाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, दिसलं. आता बंद करा."

मग तीच म्हणाली, "एवढं गुणाचं हाय तर त्या गेटला मारा. कर्र कर्र करून जीव खाल्लाय त्यानं."

मला नवल वाटलं. गेट वाजतं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. रोजच्या गोष्टीकडं आपलं ध्यान नसतं, दुसरं काय. दोन्ही बिजागऱ्यांवर फवारा मारला. गेट चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं. आवाज अजिबात नाही. कुशा पाठमोरी बसून लसूण सोलत होती. विचारलं, "आता बरं हाय का?"

"हाय," म्हणाली.

थोरली स्वरूपा बारामतीला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. ती म्हणाली, "आप्पा, घरभर फिरण्यापरीस फवाऱ्याचं उपयोग लिहून काढा." पोरीचं डोकं चालतं. शंभर उपयोग भरले की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार. नळ एक, गेट दोन.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीसाठी कुशानं स्टीलची सहा ताटं घेतली. त्यांच्यावरची लेबलं नखानं निघता निघेनात. मी फवारा मारला, फडक्यानं पुसलं, लख्ख. (उपयोग नऊ. नंतर साबणानं घासावं लागतं, नाहीतर वरणाला रॉकेलचा वास येतो. दुपारच्या वरणाला आला.) शेजारच्या रंगूबाईनं बघितलं आणि दुपारपर्यंत दारात सात बायका, हातात नवे डबे, परात, पातेलं. रांग लागली. मी म्हटलं, एकेक करून या, ज्याचा नंबर त्यानं पुढं सरका. हे वाक्य दोन वर्षांनी तोंडात आलं. फार बरं वाटलं.

टीव्हीचा आवाज महिनाभर पडलेला आहे. मागच्या जाळीत थोडा फवारा मारला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला, तेव्हा कुठं बातम्या नीट समजल्या. दीपक धावत आला आणि त्यानं रिमोट काढून घेतला. हल्लीच्या पोरांना बातम्यांची आवड नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गेणबा सायकल घेऊन आला. म्हणाला, "तात्या, ब्रेक दाबला की लई चिरकतोय." मी पुढच्या-मागच्या रबरांवर आणि रिंगवर सढळ हातानं फवारा मारला. गेणबानं दाबून बघितलं, खूश झाला.

ब्रेकचा आवाज गेला. ब्रेकही गेला. गेणबा कॅनॉलच्या उतारावरून जो निघाला तो थेट पाटलांच्या उसात. उसाच्या पानांनी तोंडावर बारीक रेघा उठल्यात, बाकी ठीक आहे. सायकल शोधायला तिघं जण उसात गेले. हा उपयोग यादीतून खोडला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चकलीचा सोऱ्या. गेल्या वर्षीचं पीठ आत वाळून दट्ट्या अडकलेला. आता हे फवाऱ्याचंच काम, असं कुणालाही वाटलं असतं. मारला. सुटला. धुतला, दोनदा धुतला, कुशाची शपथ.

पहिला घाणा तळून निघाला तेव्हा कुशानं चकली नाकाला लावली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. एक चकली म्हशीपुढं टाकली. म्हशीनं तोंड फिरवलं.

दीड किलोची भाजणी गेली. कुशा पदर तोंडाला लावून बराच वेळ काहीतरी बोलत होती. पदरातून बोललेलं मला कधी समजत नाही. पण शेवटचं वाक्य पदर काढून बोलली, ते समजलं, "तुमाला कितीबी सांगा, तुमी ऐकतच न्हाय."

हे मला लग्नापासून ऐकवलं जातं. अलीकडं प्रमाण वाढलंय. दीपक म्हणतो, स्वरूपा म्हणते, परवा गेणबाही म्हणाला. मी पुरुषमाणूस, सगळ्यांचं ऐकत बसलो तर घर कसं चालायचं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गिरणीवर गेलो होतो. गेणबानं मुद्दाम बोलावलं. "तात्या, वरचं बेअरिंग वाजतंय असं मला वाटतंय. तुमचा कान लावा."

माझ्या कानाचं लासुर्ण्यात नाव होतं. डोळे मिटून सांगायचो, जात्यात ज्वारी पडली की बाजरी. जात्याचा दगड टाकीनं ठोकून खरखरीत करायची वेळ झाली ते मला आवाजावरून आदल्या दिवशी कळायचं. पैज लावून लोक डाळीत मूठभर मका मिसळायचे आणि हरायचे. मास्तरकीची पदवी असते तशी मला ही पदवी होती, असं म्हणायला हरकत नाही.

पाच मिनिटं गिरणी ऐकली. ठणठणीत. गेणबाला म्हटलं, बेअरिंग अजून दोन वर्षं चालेल, तुझाच कान तपासून घे. तरी त्याच्या समाधानासाठी वरून एक फवारा मारला.

१९ ऑक्टोबर, रविवार

बेअरिंग काल संध्याकाळी जाम झालं. ऐन दिवाळीत गिरणी बंद. हल्लीच्या बेअरिंगात दम नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज स्वरूपाला बघायला भवानीनगरचे पाहुणे आले. स्थळ माझ्या मावसभावानं, आबासाहेबांनी आणलंय. मुलगा ऋषिराज, बारामतीच्या कंपनीत इंजिनिअर, घरचा आठ एकर ऊस. मुलाचे वडील करारी दिसले. ते बोलतात तेव्हा घरातले बाकीचे खाली बघतात.

मी सकाळीच तयारी केली होती. खिडक्या, कड्या, खुर्च्यांचे पाय, सगळ्यांवर फवारा. पाहुणे मोजून सात आणि कुठं कर्र नाही की चुर्र नाही. मुलाच्या आईनं मात्र गेटमधून आत येताना दोन्ही कानांवर हात ठेवले. बाईंना कानांचा काही त्रास असावा.

मुलगा-मुलगी गच्चीवर दहा मिनिटं बोलली. खाली आली ती दोघंही हसत. पोरगी एवढी मोकळी हसलेली मी दिवाळीतही बघितली नव्हती. आबासाहेबांनी मला कोपरानं ढोसलं. मीही त्यांना ढोसलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काहीही ठरवण्याआधी पोरीला विचारायचं, हे मी तिच्या दहावीतच तिला कबूल केलंय. कॉलेज तिनं निवडलं, नोकरी तिनं निवडली. मी अडवलं नाही. गावात याबद्दल मला दोन शब्द ऐकावे लागले, ते मी ऐकले.

सकाळी ती नळाखाली स्कूटी धूत होती. पाठ माझ्याकडं. मी मागून विचारलं, "बाळा, कालचं स्थळ पसंत हाय का?"

"हाय."

असल्या बाबतीत घाई नको म्हणून परत विचारलं, "नक्की?"

"नक्की," म्हणाली. ठाम. कापडाचा पिळाही सोडला नाही.

आबासाहेबांना फोन करून होकार कळवला. दुपारपर्यंत तिकडूनही होकार. सोळा नोव्हेंबरला आमच्याच दारात सुपारी फोडायची ठरली. शब्द दिला. उगीच डोळे भरून आले म्हणून परसात जाऊन विळीच्या खिळ्याला फवारा मारला. (उपयोग एकेचाळीस.)

३० ऑक्टोबर, गुरुवार

स्वरूपा माझ्याशी बोलत नाही. लाजते. मी खोलीत गेलो की ती उठून जाते. जेवताना ताटाकडं बघते. कुशाही लग्न ठरल्यावर अशीच लाजत होती, असं मी कुशाला म्हटलं. कुशा म्हणाली, "मी लाजत नव्हते."

मला वाटतं, लाजतच होती.

२ नोव्हेंबर, रविवार

आज कुशा चहा घेऊन थेट समोर येऊन बसली. असं ती फक्त भांडायला बसते.

"तुमी पोरीचं ऐकलं न्हाय," म्हणाली.

"मी दोनदा इचारलंय तिला."

"इचारून काय उपयोग? ऐकायचंच न्हाय तर इचारता कशाला? मी तिला बोलतं करायला गेले, तर म्हणाली, आप्पांनी ठरवलंय न्हवं, मग आता मला काय पुसताय?"

म्हणजे पोरगी सगळं माझ्यावर सोपवते आहे. ऊर भरून आला. कुशाला तसं सांगितलं. तिनं माझा अर्धा प्यालेला चहा उचलून नेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तरी मनात किंतू नको. सकाळी स्वरूपा निघाली तेव्हा तिच्या स्कूटीच्या कुलपाला फवारा मारायच्या निमित्तानं गेटपाशी थांबलो. तिनं हेल्मेट घातलं होतं. विचारलं, "खूश हाय ना बाळा?"

"हाय," म्हणाली आणि जोरात गाडी काढली.

झालं समाधान. आणखी किती वेळा विचारायचं माणसानं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

त्रेसष्ट उपयोग झाले. दीपकच्या पिशवीची चेन, कुशाच्या शिलाई मशीनचं चाक, कोयत्याचा गंज, बुटाला चिकटलेलं डांबर, फरशीवरचा पेनाचा डाग. शंभर काही होत नाहीत. घरात आता फवारायला काही उरलं नाही. कुशाच्या गुडघ्यांचा विषय मी काढला होता, तो तिथंच संपला.

पाहुणे यायच्या आत यादी ग्रुपवर जावी असं वाटतं. भवानीनगरच्या मंडळींच्याही कानावर जाईल की व्याही नुसता बसून नाही. स्वरूपाला डायरी दिली, म्हटलं, फक्त उपयोग टाइप कर, मधलं वाचू नको. तिनं न बोलता घेतली. यामुळं तरी लाज थोडी मोडेल.

१३ नोव्हेंबर

आप्पा,

मधलं वाचलं.

२७ तारखेला मी "न्हाय" म्हणाले होते. तुम्ही "नक्की?" विचारलंत, मी "नक्की" म्हणाले, म्हणजे नक्की नाही. ६ तारखेलाही "न्हाय"च म्हणाले. तुम्ही तिन्ही ठिकाणी काय लिहिलंय ते आत्ता वाचते आहे. मला वाटत होतं, तुम्ही माझं ऐकूनसुद्धा होकार कळवलात. सतरा दिवस मी लाजत नव्हते आप्पा, रडत होते.

ऋषिराज चांगला आहे. पण मला आत्ता लग्न करायचं नाही, पुढं शिकायचंय. आणि त्याचं दुसरीकडं जुळलंय. गच्चीवर आम्ही म्हणूनच हसत होतो, की दोघांनी आपापल्या घरी नाही सांगायचं आणि सुटायचं. त्यानं सांगितलं. त्याच्या घरी त्याचं कुणी ऐकत नाही.

गेट पहिल्या दिवसापासून वाजतंय. आईला विचारलं. तीही त्या दिवशी न्हायच म्हणाली होती. नंतर तुम्ही एवढे खुशीत होता की कुणाच्यानं बोलवलं नाही.

आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही.

स्वरूपा

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वरचं अक्षर माझं नाही.

पहिल्यांदा राग आला. म्हटलं, या घरात सगळे पुटपुटतात आणि दोष माझ्या कानांना. गेटपाशी गेलो. उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. काही नाही. शांत. ओट्यावर कुशा आणि स्वरूपा उभ्या होत्या आणि दर वेळेला दोघींचे डोळे एकदम बारीक होत होते.

मग वरच्या बिजागरीवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं गेट ओढलं. बेअरिंग बिघडलं की गिरणीच्या खांबाला हात लावून बघतात, तसं. हाताला थरथर लागली. चांगली खरखरीत, मनगटापर्यंत. गेट बोंबलत होतं आणि मला हातानं ऐकू येत होतं.

तिथंच पायरीवर बसलो. आयुष्यात मी एकाच गोष्टीची फुशारकी मारली. पैशाची नाही, शेताची नाही. कानाची. तो कान कधी गेला ते मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असेल तर मला ऐकू आलं नाही. गेणबाचं बेअरिंग खरंच वाजत होतं म्हणायचं. टीव्ही चांगला होता.

पण हे सगळं परवडलं. सतरा दिवस माझ्या पोरीनं असं समजून काढले की आप्पानं आपलं ऐकलं आणि तरी विकलं. याला कुठला फवारा मारू?

स्वरूपा शेजारी येऊन बसली. माझ्या समोर तोंड करून, सावकाश म्हणाली, "आप्पा, आता काय करायचं?"

मी म्हटलं, "शब्द मी दिलाय. परत मीच घेतो."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फवाऱ्याचा डबा सापडत नाही. कुशानं लपवलाय. मी काहीही केलं नव्हतं, नुसता आरशासमोर उभा राहून कानाकडं बघत होतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आबासाहेबांच्या गाडीवर भवानीनगरला गेलो. उद्या सुपारी. वाटेत चहाला थांबलो तेव्हा आबासाहेब म्हणाले, "सावळाराम, खरं सांगायची काय गरज? पत्रिका जुळत न्हाय म्हनू. तुझी अब्रू ऱ्हातीय, त्यांचीबी ऱ्हातीय."

मला पटलं होतं. खोटं कशाला लिहू, पार त्यांच्या दारात पोचेपर्यंत पत्रिकाच सांगायची असं ठरलं होतं. बहिरा हा शब्द माझ्या तोंडून मला काढायचा नव्हता. गावात बहिऱ्याला काय काय म्हणतात ते मी चौतीस वर्षं ऐकलंय, दोन वेळा स्वतः म्हटलंयसुद्धा.

मुलाच्या वडिलांनी पाणी दिलं. उद्या किती माणसं येणार ते विचारलं. ऋषिराज दाराला टेकून उभा होता, जमिनीकडं बघत. स्वरूपा सतरा दिवस ताटाकडं बघायची, अगदी तसा. ते बघितलं आणि पत्रिका डोक्यातून गेली.

म्हटलं, "पाव्हणं, माफी मागायला आलोय. पोरगी न्हाय म्हणाली होती. मला हाय ऐकू आलं. माझं कान गेल्यात."

"असं कुठं असतंय?" ते म्हणाले. "शब्द दिलाय तुमी. सगळ्या भावकीला सांगून झालंय आमचं."

"शब्द चुकीचा ऐकून दिला. मला ऐकू येत न्हाय. बहिरा झालोय मी."

आबासाहेब नंतर म्हणाले, मी हे एवढ्या मोठ्यानं बोललो की पलीकडच्या गल्लीतल्या बायका कंपाउंडपाशी आल्या. मला तर मी हळू बोलल्यासारखं वाटत होतं. माझा आवाजही मला नीट ऐकू येत नाही, हा नवा शोध. थोडक्यात, आता अख्ख्या भवानीनगरला माहीत आहे.

ते उभे राहिले, लाल झाले, पुष्कळ बोलले. त्यातलं निम्मं मला समजलं नाही. बहिरेपणाचा हा पहिला फायदा. त्यांचं संपल्यावर मी म्हटलं, "तुमचं सगळं खरं हाय. पण माझं कान खराब म्हणून माझ्या घरात असं झालं. तुमचं तर चांगलं हायेत. तुमच्या पोरानं तुमाला काय सांगितलंय?"

कुणी काही बोललं नाही. मला तसं वाटलं. आबासाहेब म्हणतात, खरोखरच कुणी बोललं नाही. मुलाची आई एकदम मान वर करून नवऱ्याकडं बघायला लागली.

निघताना ऋषिराज गाडीपर्यंत आला. खाली वाकून माझ्या कानाशी काहीतरी बोलला. शब्दही कळला नाही. पण तोंडावर शाळा सुटल्याची कळा होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि "व्हय, व्हय" म्हटलं. कशाला होकार दिला देव जाणे. आता होकार द्यायचा नाही असं ठरवलंय, समोरचं तोंड बघितल्याशिवाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बारामतीला कान तपासले. स्वरूपानं रजा घेतली. एका काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर डब्या लावल्या, हातात बटण दिलं. तिथली मुलगी म्हणाली, "काका, आवाज आला की दाबा."

बसलो. बराच वेळ गेला. शेवटी काचेवर टकटक करून तिला म्हटलं, बाई, मशीन सुरू करा, मला परत लासुर्ण्याला जायचंय. तिनं मान हलवली. मशीन दहा मिनिटं सुरूच होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. ब्रेक, बेअरिंग, बिजागरी, सगळी बारीक मंडळी गेली. माणसांच्या बोलण्यातलेही काही वर्ण पडतात, विशेषतः पाठमोरं बोललं तर. गिरणीच्या आवाजानं बहुतेक. म्हणजे ज्या कानानं गिरणी सांभाळली तो गिरणीनंच दळला.

स्वरूपा मला धरून जिना उतरत होती. कान गेलेत बाळा, पाय नाहीत, असं म्हटलं. तरी तिनं हात सोडला नाही. मीही सोडवला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज यंत्रं बसली. दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढी.

काय काय वाजतं या जगात! माझ्या चपला वाजतात. कुशाच्या बांगड्या वाजतात, मला वाटत होतं तिनं काचेच्या घालणं सोडलं. फ्रीज गुरगुरतो. ही लेखणी कागदावर खरखरते आहे. एसटीत मागच्या बाकावरच्या दोघी सुनांबद्दल हळू आवाजात जे बोलत होत्या ते सगळं ऐकलं, उतरताना त्यांना नमस्कार केला.

घरी आलो. गेटला हात लावला आणि ढकललं.

देवा! डुक्कर धरल्यासारखं ओरडलं. लावलं तर त्याहून मोठ्यानं. दोन महिने हे असं चाललं होतं आणि मी डायरीत उपयोग क्रमांक दोन म्हणून मिरवत होतो. मुलाच्या आईनं कानांवर हात ठेवले होते त्या बाईची मनातल्या मनात माफी मागितली. मग परत उघडलं. परत लावलं. आठ-दहा वेळा तरी. रंगूबाई बाहेर आली आणि आत गेली. कुशा ओट्यावरून म्हणाली, "पुरं करा आता," आणि डोळे पुसले.

दीपक म्हणतो, फवाऱ्यानं नाही जायचं, बिजागरीच वाकली आहे, ग्रीस भरून ठोकून बसवायला पाहिजे. मी म्हटलं, राहू दे चार दिवस.

सहा वाजता मी आत पेपर वाचत होतो. बाहेर गेट ओरडलं. बघितलं नाही, तरी कळलं की स्वरूपा आली. एका हातानं स्कूटी धरून दुसऱ्या हातानं अर्धंच उघडते ती, म्हणून आवाज मध्येच तुटतो. हे मला कुणी सांगितलेलं नाही. कानानं सांगितलं.

ती नळावर पाय धूत होती, पाठ माझ्याकडं. पाणी चालू. मी दारात उभा राहिलो. काय विचारावं सुचेना. शेवटी म्हटलं, "बाळा, गेटला आणखी एक फवारा मारू का?"

"न्हाय," ती म्हणाली.

"न" ऐकू आला. आधी "न", मग "हाय". मी काही बोललो नाही, तेव्हा ती वळली आणि थोडी मोठ्यानं परत म्हणाली, "आप्पा, न्हाय."

मी म्हटलं, "ऐकलं."